पंचनाम्याआधी साफ केलेलं शेत

आबा,

तुम्हाला सांगायचं राहिलं, मी पटवारी झाले. हसू नका. तुम्ही होतात तेव्हा पटवारी गावात आला म्हटलं की माय धावत जाऊन खाटेवरची गोधडी बदलायची, तुम्ही टोपी काढून पुन्हा नीट घालायचात आणि मी दाराआडून बघायचे. आता मी गावात शिरले की लोक तसंच करतात, आणि मला दर वेळी वाटतं, मागे वळून बघावं, खरा पटवारी माझ्या मागून येतोय की काय. माझ्या वाट्याला आलेला हलका नेपानगरच्या अंगाला आहे. तीन गावं, बरीचशी केळी, थोडा कापूस. राहायला शहरात, सिंधीपुऱ्यात दोन खोल्या घेतल्यात. लग्नाचं विचारू नका, ते दुसऱ्या कागदावर. माय माझ्याजवळच असते. तिचे गुडघे गेलेत, कान शाबूत आहेत आणि जीभ तुमच्या वेळी होती तशीच आहे. आज रविवार, तहसीलीला सुट्टी, म्हणून लिहायला बसले. आपल्या घरात बोलायचं ते ओरडूनच बोलायचं अशी रीत, त्यामुळे तुम्हाला काही लिहायची ही पहिलीच वेळ.

यंदा वैशाख संपता संपता आंधी आली. भरदुपारी, फार तर पंधरा मिनिटं. तुम्हाला ते सांगायला नको. तो आवाज एकदा ऐकला की माणूस विसरत नाही. खोडं मोडतात तेव्हा कडकड होत नाही, ओलं काहीतरी पिळल्यासारखा आवाज येतो आणि मग जमिनीवर धप्प. घड भरत आलेले, महिन्याभरात गाडीत चढायचे, आणि सगळी बाग आडवी. दुसऱ्या दिवसापासून आमचा सर्वे सुरू झाला. तुमच्या काळात पटवारी एकटा वही घेऊन यायचा. आता आम्ही तिघं जातो, मी, बागायतीच्या खात्याचा एक माणूस आणि पंचायतीचा सचिव. शेतात उभं राहून पडलेली झाडं बघायची, मोबाइलवर फोटो काढायचा, किती टक्के गेलं ते लिहायचं. मग नुकसानीचा सरकारी मुआवजा किती मिळेल ते त्या आकड्यावर ठरतं. शेतकऱ्याला हे इतकं पाठ झालंय, की पाहणी होईपर्यंत पडलेल्या पानालाही कोणी हात लावत नाही. आडव्या बागेवर राखण बसवतात हो लोक, ढोरं शिरून खाऊ नयेत म्हणून! उभ्या बागेला कधी एवढी राखण नसते.

चौथ्या दिवशी आम्ही एका शेतात गेलो आणि मी बांधावरच थबकले. शेत साफ होतं. आजूबाजूला सगळीकडे केळी झोपलेली आणि मधोमध हे शेत सारवलेल्या ओट्यासारखं मोकळं. खोडं जमिनीलगत कापलेली, पानं उचललेली, खालून फुटलेल्या पिलांभोवती माती ओढलेली. म्हातारा शेतकरी टोपी हातात घेऊन उभा. तुम्ही गेलात त्या वयाचा असेल. आणि त्याची बायको, डोक्यावरचा पदर दातात धरून, त्याच्यावर तुटून पडलेली.

"मॅडम, यायले विचारा काय करून ठेवलं ते. मी म्हणू राहिली होती, दोन दिवस थांबा, साहेब लोक येतीन, पाहतीन. ऐकतीन तर ना! कोयता घेतला न् चालले. आता दाखवा ना मॅडमले, काय दाखवता ते दाखवा!"

म्हातारा तिच्याकडे न बघता मला म्हणाला, "पडेल खोड ठेवलं तर किडा लागते, मॅडम. खालच्या पिलाले लागते. पुढचं पीक तरी हाती यायले पाहिजे."

सचिव पोरगेलासा आहे, मनाने चांगला, पण सदा घाईत. तो म्हणाला, "मॅडम, फोटो किसका लोगे? शून्य डालो और आगे चलो. अभी बारा खेत बाकी हैं." बाईने ते ऐकलं आणि नवऱ्याकडे बघून हळूच म्हणाली, "झालं समाधान?" आबा, मुआवजा मिळाला नाही तर त्यांचं कसंबसं निभावेल, जमीन त्यांची स्वतःची आहे. पण त्या म्हाताऱ्याला हे "झालं समाधान" पुढे मरेपर्यंत रोज ऐकावं लागणार होतं, आणि ते मला त्या दोघांपेक्षा जास्त ठाऊक होतं.

मी नुकतीच सातवीत गेले होते. बहादरपुराच्या पुढे, तापीच्या बाजूचं आपलं शेत. तेव्हाही अशीच दुपार होती. आंधी थांबल्यावर गाव गोळा झालं, मयताच्या घरी येतात तसे लोक बांधावर येऊन बसले, कोणी तंबाखू मळतोय, कोणी चुकचुकतोय. तुम्ही त्यांच्यात बसला नाहीत. "पडेल शेत लोकायले काय दाखवायचं?" एवढंच म्हणालात. दुसऱ्या दिवशी उजाडताच कोयता घेऊन निघालात. मायने अडवलं. शेजारच्या काकांनी बांधावरून हाक मारून सांगितलं, "अरे भो, पटवारी येऊन जाऊ दे!" तुम्ही हात हलवून हो म्हणालात आणि कापतच राहिलात. मग काय, माय शिव्या देत देत आली आणि मीही आले. दोन दिवस आपण तिघं खोडं ओढत होतो, नाल्याकाठी ढीग लावत होतो. केळीचा चीक माझ्या फ्रॉकला लागला आणि त्याचे काळे डाग कधी निघाले नाहीत. शेवटची ओळ झाली तेव्हा तुम्ही शेताच्या टोकाला कमरेवर हात ठेवून उभे राहिलात. मी तुमच्या शेजारी तशीच कमरेवर हात ठेवून उभी. मला इतका अभिमान वाटला होता ना, काय सांगू. गावात एवढं सुंदर शेत दुसऱ्या कोणाचं नव्हतं.

चौथ्या दिवशी पटवारी आला, शेजाऱ्याचं पडलेलं शेत बघितलं, लिहिलं. आपलं बघितलं, काही लिहिलं नाही. शेजाऱ्याला मुआवजा आला, आपल्याला आला नाही. घरात, गावात, पाहुण्यांत सगळ्यांना एवढीच गोष्ट माहीत आहे.

पुढच्या साली शेजाऱ्याची बाग तयार झाली तेव्हा तुम्ही तिथे घड वाहायला गेलात. खांद्यावर पोत्याची घडी ठेवून त्यांच्या बांधावरून ट्रकपर्यंत, तुमच्या निम्म्या वयाच्या पोरांच्या रांगेत. आपलं पील चांगलं आलं होतं, किड्याचं नाव नव्हतं, पण ते निघेपर्यंत खायचं काय? संध्याकाळी तुम्ही घरी यायचात तेव्हा उजवा खांदा खाली गेलेला असायचा, आणि माय भाकरी थापता थापता सुरू करायची. "साफसफाईनं खाल्लं माझं घर. लोकायचं पडलं त्यायले मिळालं, आमचं पडलं ते यायनं झाडून टाकलं." तुम्ही एक शब्द बोलायचा नाहीत. पाण्याची नळी उघडी राहिली म्हणून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढं ओरडणारे तुम्ही, आणि ह्या एका गोष्टीवर तोंड उघडलं नाहीत.

आणि मी? मी मायला जाऊन मिळाले. ते पण सांगून टाकते. एकदा तुम्ही जेवून उठत होतात. मी आठवीत गेले होते, जिभेला नवी धार आलेली. मी म्हटलं, "भांडी पण तुम्हीच घासा ना आबा, तुम्हाला साफसफाई फार आवडते." माय हसली. बऱ्याच दिवसांनी हसली होती, म्हणून मलाही बरं वाटलं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, ताट उचललंत, मोरीत उकिडवे बसलात आणि राखेनं घासून, विसळून पालथं घातलंत. मला वाटलं आता ओरडाल. नाही. त्या दिवसापासून शेवटपर्यंत तुम्ही आपलं ताट आपणच घासलंत. पाहुणे आले तरी. आजारी होतात तरी. माय म्हणायची, "ठेवा ते, लोक हसतीन," आणि तुम्ही घासत राहायचात. माझ्या त्या बोलण्याबद्दल मी तुमची माफी कधी मागितली नाही. मागायची कशी, तेही मला येत नव्हतं.

तर ह्या सगळ्यानिशी मी त्या म्हाताऱ्याच्या बांधावर उभी होते. सचिवाने मोबाइल पुढे केला होता, शून्य टाकायचं आणि निघायचं. मी त्याला म्हटलं, "रुको ज़रा," आणि चप्पल काढून शेतात उतरले. आबा, हे मला कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं नाही. घड काढून माणसाने कापलेलं खोड सरळ उभं असतं, त्याचा खुंट जमिनीत घट्ट. वाऱ्याने पाडलेलं झाड नंतर कितीही साफ कापा, वारा ज्या अंगाने आला त्या अंगाची माती उचललेली राहते, बोट घातलं तर आत जातं, मुळं तुटलेली हाताला लागतात. ते तुमच्याबरोबर दोन दिवस खोडं ओढताना मी बघितलं होतं. मी पहिल्या खुंटाशी बसले, पश्चिमेकडच्या मातीत बोट घातलं. पूर्ण आत गेलं. दुसऱ्याशी तेच. तिसऱ्याशी तेच.

मी ओळीओळीने मोजायला लागले. बागायतीचा माणूस आधी नुसता बघत होता, मग तोही बूट काढून दुसऱ्या टोकाने सुरू झाला. सचिव कपाळाला हात लावून निंबाखाली जाऊन बसला, मग तिथूनच ओरडला, "मॅडम, कोई मानेगा क्या ये?" मी म्हटलं, "पंचनामा का म्हणतात त्याला? पंच कशाला असतात? जा, पाच माणसं घेऊन ये ज्यांनी ही बाग पडलेली बघितली." खरंच, आबा, कागदाच्या नावातच ती सोय आहे. ती त्या वेळीही होती. कोणी तरी विचारायचं असतं फक्त.

माणसं आली, पण सही करायला कोणी पुढे होईना. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघतो. त्यांचंही खरं होतं. स्वतःचं शेत लिहून झालेलं, आता उगाच दुसऱ्याच्या कागदावर अंगठा उठवून लचांड कशाला ओढवून घ्या. शेवटी एक मजूर बाई पुढे आली. तिनेच रोजावर खोडं आणि घड उचलले होते. "मी उचलले ना घड, मी कशी नाही म्हणू? हे पहा," म्हणून तिने चिकाने काळे पडलेले दोन्ही हात पुढे केले. तिच्या मागून मग एकेक आला. मी खुंटांचे फोटो काढले, बांधापलीकडच्या ढिगाचे काढले, मोजणी लिहिली आणि खाली लिहिलं, पडलेली झाडं शेतकऱ्याने कीड लागू नये म्हणून पाहणीआधी काढली. बारापैकी सात शेतं त्या दिवशी राहून गेली आणि दुसऱ्या दिवशी मला साहेबांची बोलणी खावी लागली. यादी अजून लागलेली नाही. त्याचं नाव राहील की वरून कोणी कापेल, मला ठाऊक नाही.

आम्ही निघताना ती बायको तांब्याभर पाणी घेऊन आली. आधी मला देईल असं वाटलं, पण तिने ते नवऱ्यापुढे धरलं. "घ्या, ऊन लागलं असीन," म्हणाली, अजून घुश्शातच. म्हाताऱ्याने दोन घोट घेतले आणि मला विचारलं, "मॅडम, तुम्ही शेतकऱ्याच्या घरच्या का?"

"हो."

"तुमच्या बापाचं पुण्य आहे," तो म्हणाला.

मला तिथे उभं राहवेना. मी गाडीला किक मारून निघाले आणि पार हमरस्त्याला लागेपर्यंत रडत होते. कारण आबा, जी गोष्ट सगळ्यांना माहीत आहे ती अर्धीच आहे. उरलेली आपल्या घरात दोघांनाच माहीत होती, त्यातले एक तुम्ही.

त्या दिवशी पटवाऱ्याने आपलं शेत बघितलं, पण लगेच वही मिटली नव्हती. तुम्ही म्हणालात, "थांबा साब, ढेर दिखाता," आणि नाल्याकडे धावलात, पडलेला घड आणून दाखवायला. माय घरी चहाच्या खटपटीत. बांधावर मी आणि शेजारच्या काकांची माझ्याच वर्गातली मुलगी. ती मघापासून मला सांगत होती, "आमची सगळी झाडं पडली, एकही राहिलं नाही," आणि पटवारी तिच्या बापाशी अदबीने बोलून आला होता म्हणून तिला भारी तोरा चढला होता. पटवाऱ्याने गंमतीने मला विचारलं, "क्यों बिटिया, तुम्हारे यहाँ कितने गिरे?" मला शाळेतली हिंदी चांगली यायची. मी मान ताठ करून म्हणाले, "हमारे यहाँ नहीं गिरे. मेरे पिताजी के पेड़ गिरते ही नहीं."

आबा, मला वाटलं होतं मी तुमचा मान राखतेय. पडणं ही लाज आहे असं मी तुमच्याकडूनच शिकले होते. तिच्या बापाची झाडं पडतात, माझ्या बापाची पडत नाहीत, एवढंच मला तिला दाखवायचं होतं.

तुम्ही तेवढ्यात दोन्ही खांद्यांवर एकेक घड घेऊन धापा टाकत आलात. पटवारी हसत म्हणाला, "लड़की तो कह रही है कुछ गिरा ही नहीं." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. ती मुलगीही माझ्याकडे बघत होती. तुम्ही म्हणू शकत होतात, लेकरू आहे साहेब, काहीही बोलते. पाठीत एक धपाटा घालू शकत होतात. तुम्ही घड हळूच खाली ठेवलेत आणि म्हणालात, "बच्ची झूठ काय को बोलेगी, साब." त्याने वही मिटली. परत येताना वाटेत तुम्ही एकच बोललात, "चप्पल घाल, काटे आहेत."

मला वर्षभराने उमगलं मी काय केलं ते, आणि उमगलं तशी मी मायपेक्षा मोठ्याने तुम्हाला बोलायला लागले. त्या ताटाच्या दिवशी मला सगळं माहीत होतं, आबा. तरी मी ते बोलले. आणि तुम्हालाही माहीत होतं, की मला माहीत आहे. तुम्ही इतकी वर्षं मायचं सगळं ऐकून घेतलंत आणि एकदाही माझ्याकडे बोट दाखवलं नाहीत. कधीकधी मला तुमचा रागच येतो. दाखवलं असतंत तर मी चार दिवस रडले असते आणि सुटले असते.

हे तुम्हाला लिहून उपयोग नाही, तेही कळतंय. तुम्ही समोर होतात, तुम्हाला यात नवीन काय? हे मायला सांगायचं आहे. तिला वाचता येत नाही, म्हणजे तोंडाने सांगावं लागेल. सर्वेहून आले त्या दिवशी सांगायचं ठरवलं होतं, तिला त्या म्हाताऱ्याच्या शेताची सगळी हकीकत सांगितली, अगदी तुमच्यापर्यंत येऊन पोचले आणि भूक लागली म्हणून उठले. आत्ता ती स्वयंपाकघरात लसूण सोलत बसलीये. मघाशी तिने विचारलं, "सुट्टीच्या दिवशी काय लिहू राहिली व एवढं?"

मी म्हटलं, "तहसीलीचं आहे."

"त्या म्हाताऱ्याचं का? शेत झाडून बसला तो?"

"हो."

"तुह्या बापासारखाच येडा," ती म्हणाली.

आणि मी इथून म्हणाले, "हो ना, माय."